जुनं माप चालेल

व्हाउचर ऑनलाइन विकायची कल्पना सूनबाईची. तयार कपड्यांच्या दुकानांनी गिऱ्हाईक पळवलं होतं आणि शिंपीमास्तर दिवसभर मशीनला तेल घालत बसायचे.

"बाबा, लोक घरबसल्या भेट देतील. मापाचा एक सदरा. ज्याला भेट मिळाली, त्याने येऊन माप द्यायचं," ती म्हणाली.

"म्हणजे उंटावरून शेळ्या हाकायच्या," मास्तर पुटपुटले. पण दुकान टिकावं, असं त्यांनाही वाटत होतंच.

फॉर्ममध्ये एक चौकट मात्र त्यांनीच हट्टाने घालायला लावली. 'आमचं जुनं गिऱ्हाईक असेल, तर वहीतलं जुनं माप चालेल.' मापांची वही हा मास्तरांचा अभिमान. पस्तीस वर्षांची, कापडी पुठ्ठ्याची, शाईने लिहिलेली. तिच्यातलं माप म्हणजे दगडावरची रेघ. त्यांच्या हातचा सदरा आजवर कधी परत आला नव्हता.

पहिल्याच आठवड्यात एक व्हाउचर खपलं. दूर देशी असलेल्या मुलाने वडिलांच्या वाढदिवसासाठी घेतलं होतं. चौकटीत खूणही केली होती. नाव वाचून मास्तर खुलले. "अगं, हे तर आपले हेडसर!"

हेडसर म्हणजे शेजारच्या शाळेचे जुने मुख्याध्यापक. धिप्पाड गडी, छाती चव्वेचाळीस. "सर, तुमच्या सदऱ्यात दोन पोरं झोपतील," ही मास्तरांची ठरलेली थट्टा. "आणि उरलेल्या कापडात तुमचा सदरा निघेल, ठाऊक आहे मला," हे सरांचं ठरलेलं उत्तर. चार वर्षं मात्र ते फिरकले नव्हते. तेही तयार कपड्यांकडे वळले असतील, अशी मास्तरांनी स्वतःची समजूत घातली होती.

मास्तरांनी वही उघडली, निळ्या बारीक रेघांचं कापड बेतलं आणि तीन दिवसांत सदरा इस्त्री करून ठेवला.

मंगळवारी दुपारी एक वाकलेला म्हातारा काठी टेकत आत आला. "कोणाचा सदरा न्यायचाय?" मास्तरांनी विचारलं.

"माझाच की, मास्तर."

आवाज तेवढा ओळखीचा होता.

सरांनी सदरा अंगात घातला. खुंटीवर टांगावा तसा तो लोंबला. कॉलरमध्ये मूठ गेली असती. सूनबाई कात्री हातात धरून तशीच उभी राहिली.

"आता यात तीन पोरं झोपतील," सर म्हणाले.

मास्तरांनी स्टूल पुढे सरकवलं. "सर, काय झालं हो?"

"पोटाचं दुखणं. वर्ष होत आलं. डॉक्टरांनी हात टेकले."

"आणि मुलाला?"

"नाही सांगितलं. नवी नोकरी, घरात तान्हं बाळ. फोनवर फक्त आवाज जातो आणि आवाज अजून धडधाकट आहे माझा. पण आता तो सदरा घातलेला फोटो मागतोय."

"उसवून बरोबर मापाचा करून देतो, सर. चूक माझीच आहे. तुम्हाला न बघता कापड कापलं मी."

"बरोबर मापाचा नकोय मला. मी भरलेला दिसेन, असा करा. आणि त्याला कळवायचं नाही. शब्द द्या."

मास्तरांनी मान हलवली.

मग ते कामाला लागले. खांद्यात कापसाच्या गाद्या घातल्या, छातीला अस्तराचे दोन थर दिले, कॉलर उंच करून मानेचे दोर झाकले. पस्तीस वर्षं त्यांनी अंगाला सदरा बसवला होता. आज पहिल्यांदाच सदऱ्याला अंग शिवत होते.

"लांबून काढ गं पोरी," फोटोला उभं राहताना सर सूनबाईला म्हणाले. "अभ्यास न केलेली पोरं मागच्या रांगेत बसतात ना, तसं."

तासाभरात दुकानाच्या फोनवर मुलाचा निरोप आला. 'बाबा अगदी होते तसेच दिसतायत! पुढच्या वाढदिवसासाठी आणखी एक व्हाउचर घेतलंय. जुनंच माप.'

मास्तरांनी तो निरोप पुन्हा एकदा वाचून घेतला. मग म्हणाले, "सूनबाई, ती चौकट काढून टाक. आणि नवा नियम लिही. भेट देणाऱ्याने माप घेताना स्वतः हजर राहायला हवं."

"अहो बाबा, मग कुत्रंसुद्धा व्हाउचर घेणार नाही!"

"नाही घेतलं तर नाही."

"आणि सरांना दिलेला शब्द?"

"सरांबद्दल कुठे काय लिहितोय? सदऱ्याबद्दल लिहितोय मी."

तिने नियम लिहिला आणि मुलालाही पाठवला. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. 'ठीक आहे, पण आत्ता सुट्टी नाही. पुढच्या वर्षी येतो. तेवढी मुदत मिळेल ना?'

"हो म्हणू?" सूनबाईने विचारलं. "आपल्या व्हाउचरला मुदत नाहीच."

मास्तरांपुढे वही उघडी होती. चव्वेचाळीसच्या खाली काल त्यांनी चौतीस लिहिलं होतं, पेन्सिलने. शाईने लिहायला हात धजला नव्हता.

"नाही म्हण."

"मग किती देऊ?"

मास्तरांचं बोट एका आकड्यावरून दुसऱ्यावर गेलं.

"महिना लिही," ते म्हणाले. तिने टाइप करायला घेतलं, तेवढ्यात त्यांनी हात वर केला. "थांब. पंधरा दिवस."