पोरगी दुसऱ्यांदा सांगायला आली

नाथाजी सुभेदारांनी शाळेच्या मैदानावर "सावधान!" म्हटलं की पलीकडच्या गोठ्यातली म्हैससुद्धा पान्हा चोरायची. म्हशीचा मालक तात्याबाच हे सांगायचा, आणि तात्याबा खोटं बोलायचा ते फक्त स्वतःच्या उसाच्या टनाबद्दल, एरवी नाही.

चोवीस वर्षं पलटणीत काढून सुभेदार गावी आले. गाव उंब्रजपासून चार किलोमीटरवर, दोन एकर ऊस, पेन्शन सुरू. दुसरा कुणी असता तर पारावर पत्ते कुटत बसला असता. आबांना (घरात, गावात सगळे त्यांना आबाच म्हणत) रिकामं बसणं म्हणजे शिक्षा. साठी उलटल्यावर त्यांनी सकाळी सहाला पोरापोरींचा स्वसंरक्षणाचा क्लास काढला, तोही फुकट. मनगट धरलं तर अंगठ्याच्या बाजूनं पिळून कसं सोडवायचं, नडगीवर टाच कशी हाणायची, पोटातनं आरोळी कशी द्यायची आणि मग मागं न बघता कसं पळायचं, हे सगळं ते घोटून घ्यायचे.

"मारामारी करायची न्हाई," आबा बजावायचे. "सुटायचं आन पळायचं. हिरोगिरी पिच्चरमधी."

त्या सव्वीस पोरांत त्यांची नात शिवांजलीही होती. नऊ वर्षांची. हातपाय झकास चालायचे, पण आरोळीची पाळी आली की घोडं तिथंच पेंड खायचं. तोंड उघडायची अन् मांजराच्या पिल्लाएवढा आवाज काढायची. "आगं, सुभेदाराची नात तू! गेल्या सालापतुर घर डोक्यावर घेत हुतीस, आता काय झालं?" असं म्हणून आबा कपाळाला हात लावायचे. उत्तर काही त्यांनी कधी ऐकून घेतलं नाही. प्रश्न विचारायचा आणि पुढची कवायत सुरू करायची, ही त्यांची जुनी खोड.

सून संयोगिता अंगणवाडीत सेविका. नवरा वीरधवल फौजेत, राजस्थानात. घर, अंगणवाडी, सासरा आणि पोरगी एवढं सगळं ती एकटीच ओढायची आणि वर हसायचीही. क्लास सुरू झाल्यावर तिनं आबांकडं एकच गोष्ट मागितली. "रविवारचा अर्धा तास मला द्या, आबा."

आबांना वाटलं, ही लेझीम घेणार. हिनं तर पोरांना गोल करून बसवलं आणि गप्पा सुरू केल्या. आपलं अंग आपलं असतं. कुणाच्या जवळ जायचं, कुणाच्या नाही, ते आपण ठरवायचं, मग तो माणूस घरातला का असेना. कुणी नको तिथं हात लावला, खाऊ देऊन 'कुणाला सांगू नको' म्हटलं, तर सांगायचं. "एकानं ऐकलं न्हाई तर दुसऱ्याला सांगा. आन ज्यानं ऐकलं न्हाई त्यालाबी परत सांगा. ऐकंपर्यंत सांगत ऱ्हायचं. चूक तुमची नसतीया." शेवटी प्रत्येकानं आठवड्यात न आवडलेली एक गोष्ट सांगायची. कुणी म्हणायचं, गुंडा माझी पेन्सिल चावतो. कुणी म्हणायचं, मास्तर मला 'जाड्या' म्हणत्यात. शिवांजलीची पाळी आली की ती "काय न्हाई" म्हणायची.

आबा लांब कडुनिंबाखाली चहा पीत बसायचे आणि आतल्या आत धुमसायचे. पलटणीत रडगाणं गाणाऱ्याला त्यांनी कधी उभं केलं नव्हतं. "सूनबाई, पोरास्नी कागाळ्या शिकवाय लागलीस तू," एकदा ते म्हणालेच. "हात शिकीव, पाय शिकीव. तोंड काय शिकवायचं?"

"तोंडच शिकवाय लागतं, आबा," ती म्हणाली आणि भाकरी थापायला बसली. आबांनी नाक मुरडलं. माणूस कडक होता, पण मनाचा वाईट नव्हता. आपल्याला सगळं कळतं, ही त्याची एकच व्याधी.

चैत्रात गावची यात्रा आली. यात्रा म्हणजे घरोघरी मटणाचा रस्सा आणि दारोदारी पाहुणे. आबांच्या घरी दरवर्षी एक पाहुणा ठरलेला. शिराळ्याकडचा जयराज. एकाच पलटणीतला, एकाच बराकीतला. बर्फात आबांचा पाय मोडला तेव्हा हा जयराज त्यांना पाठीवर घेऊन दोन तास उतार उतरला होता. आबा जिवंत होते ते त्याच्यामुळं, आणि हे ते भेटेल त्याला सांगायचे. या घरात देवाच्या खालोखाल मान जयराजाचा. तो यायचा, दोन दिवस राहायचा, पोरांना चॉकलेटं वाटायचा. पोरांनी ओळीनं त्याच्या पाया पडायचं.

यंदाही तो आला. दारात मांडव, चाळीसेक माणूस पंगतीला, आबा स्वतः रश्श्याची बादली घेऊन वाढत होते. जयराज उठला, हात धुवायला मागं टाकीकडं निघाला.

"शिवा, आजोबास्नी पाणी दे जा," आबांनी हुकूम सोडला.

पोरगी जागची हलली नाही. आबांकडं बघत राहिली.

"ऐकाय येत न्हाई व्हय गं?"

शिवांजली गेली. आबांनी दोन पानं वाढली असतील नसतील, तोवर घराच्या मागून आरोळी आली. पोटातनं आलेली, खणखणीत आरोळी! हातातला पळा तसाच धरून आबा थांबले. आणि खरं सांगायचं तर त्यांच्या मनात पहिलं आलं ते हेच, की वा, कुणाचं पोरगं हे?

पोरगं त्यांचंच होतं. शिवांजली अनवाणी पळत आली. वाटेत चुलीपाशी आई होती, तिला ओलांडून आली, पंगतीच्या मधनं आली आणि आबांच्या पुढ्यात उभी राहिली. दम लागला होता, पण आवाज कापत नव्हता.

"आबा, जयराज आजोबांनी माझा हात धरला. नको तिथं हात लावला. मी मनगाट सोडवून पळून आले. गेल्या वर्षीबी लावला हुता."

चाळीस माणसांचे घास हातात राहिले.

मागून जयराज आला, नडगी चोळत, एका पायानं लंगडत. "काय बाई ही पोरगी!" तो हसत म्हणाला. "खेळत हुतो रं, नाथा. तुझ्या क्लासनं पार नाटकी झालीया."

'गेल्या वर्षी' म्हटल्याबरोबर आबांना सगळं लख्ख आठवलं. हाच मांडव होता. हीच पोरगी त्यांच्या सदऱ्याला धरून म्हणाली होती, "आबा, मला जयराज आजोबांजवळ बसायचं न्हाई. ते चांगले न्हाईत." आणि आपण काय केलं? "ज्यानं तुज्या आज्ज्याला जित्ता आणला त्याला नावं ठेवतीस?" म्हणून तिला त्याच्या पाया पडायला लावलं. माफी मागायला लावली. त्यानं तिच्या डोक्यावरून हात फिरवला होता आणि आपल्याला तेव्हा किती बरं वाटलं होतं! घर डोक्यावर घेणाऱ्या पोरीचा आवाज कुठं गेला, हे वर्षभर मैदानावर विचारत होतो आपण. आपणच घालवला होता.

तात्याबा पानावरून उठून जवळ आला. "आबा, यात्रेचा दिस हाय," तो हळूच म्हणाला. "पोरीची जात. चार मान्सांत बभ्रा नको. आत घ्या, मिटवा."

"बभ्रा कसला, तात्याबा?" आबा म्हणाले. "पोरीनं खरं ते सांगितलंय. लाजायचं आसंल तर त्यानं लाजावं. माजी नात का लाजंल?"

जयराजाचं हसू मावळलं. "नाथा, पोरीच्या बोलण्यावर जातोस व्हय? इसरलास का? ह्या पाठीवरनं आणलाय तुला म्या."

मांडवात सगळ्यांना ते ठाऊक होतं. सगळे आबांच्या तोंडाकडं बघायला लागले. शिवांजलीही बघत होती. एकदा पाठ फिरवलेला हा म्हातारा याही वेळी तेच करतोय का, एवढंच ती बघत होती.

आबांनी बादली खाली ठेवली. "इसरलो न्हाई. माजा जीव तुज्यामुळं हाय, ह्ये मी मरंपतुर सांगीन. पर तो माजा जीव हाय, जयराज. त्याचे उपकार म्या फेडायचे. माज्या पोरीनं न्हाई."

हात शिवशिवत होता. एकच ठेवून दिली असती तर जयराज आडवा झाला असता. पण तोवर संयोगिता पिठाच्या हातांनी धावत आली होती. तिनं पोरीला पोटाशी धरलं, तिच्या कानात म्हणाली, "लय बरं केलंस सांगितलंस, माझ्या राणी," आणि सासऱ्याला म्हणाली, "आबा, त्याला हात लावू नगा. म्या पोलिसास्नी फोन लावतीया."

आबांनी खुर्ची ओढली आणि फाटकात आडवी टाकून बसले. जयराज ओसरीवर खाली मान घालून बसला. पंगत तशीच उठली. थोड्या वेळानं तात्याबानं दुसरी खुर्ची आणली आणि आबांच्या शेजारी टाकून बसला.

पोलिसांची जीप आली, जयराजाला घेऊन गेली. घरात पाहुण्यांचा गलका होता, म्हणून जबाब ठाण्याच्या बाजूच्या खोलीत द्यायचं ठरलं. साध्या ड्रेसमधल्या बाई फौजदार होत्या. त्यांनी शिवांजलीला पाणी दिलं, तिच्या क्लासबद्दल विचारलं आणि मग म्हणाल्या, "बाळा, तुझ्याजवळ कुणी बसावं?"

"आई," ती म्हणाली. जरा थांबली. "आन आबाबी."

दाराबाहेर निघालेले आबा तिथंच थबकले. सुभेदारकीचे तारे खांद्यावर लागले त्या दिवशीही माणूस एवढा हरखला नव्हता. ते आत येऊन कडेच्या बाकावर बसले, पाहुण्याच्या घरी बसावं तसे अवघडून.

पोरीनं सगळं सांगितलं. बाईंनी लिहिलं. मग विचारलं, "गेल्या वर्षी झालं तेव्हा कुणाला सांगितलं होतंस का?"

शिवांजलीनं आईच्या पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. आबांना कळलं, पोरगी आपल्याला सांभाळून घेतेय. नऊ वर्षांची पोर, आणि पासष्टीच्या माणसाला पाठीशी घालतेय!

"मला," आबा म्हणाले. "मला सांगितलं हुतं. म्या तिलाच त्याची माफी मागाय लावली. लिवा, मॅडम. जसंच्या तसं लिवा."

बाईंनी एकवार त्यांच्याकडं बघितलं आणि लिहिलं. आबांनी खाली सही केली.

बाहेर आल्यावर आबा सुनेपुढं उभे राहिले. "सूनबाई, तुझ्या त्या अर्ध्या तासाला मी नावं ठिवली. हात पिळायला म्या शिकवलं, खरं हाय, पर माज्या शिकवण्यानं ती नुसती सुटली आसती आन पुन्यांदा गप बसली आसती. तुज्यामुळं ती बोलली. तुझे लय उपकार हायती, पोरी."

संयोगिताला हुंदका आवरेना. "उपकार कसले, आबा? दर रविवारी ती 'काय न्हाई' म्हणायची आन म्या म्होरच्याकडं वळायची. म्याबी आईच की. मला तरी कुठं कळलं?" दोघंही रडली, सासरा आणि सून, भर रस्त्यावर. शिवांजली बाजूला उभी राहून दोघांची तोंडं बघत होती. शेवटी म्हणाली, "चला की घरी. मला भूक लागलीया."

संयोगिता स्कुटीवर पुढं निघाली. शिवांजली आबांच्या मोटारसायकलवर मागं बसली, स्वतःहून. दिवस कलला होता. दोन्ही बाजूला तोडलेल्या उसाची मोकळी रानं. आबांनी विचारलं, "शिवा, आई चुलीपाशीच हुती की गं. तिला सोडून पयली माज्याकडं का आलीस?"

"आईनं ऐकलंच आसतं," पाठीमागून आवाज आला. "तुमी ऐकलं नव्हतं. म्हनून तुमास्नी परत सांगितलं."

आबांनी गाडी कडेला घेतली. पुढचं दिसेना, म्हणून घ्यावीच लागली. ते उतरून ओढ्याच्या मोरीवर बसले, उपरण्यानं डोळे पुसले. देवानं या पोरीच्या हातून माझ्या पदरात दुसरी संधी टाकली, नाहीतर असलं भाग्य कुणाला मिळतं, असं त्यांच्या मनात आलं.

शिवांजली त्यांच्याजवळ येऊन उभी राहिली. "आबा, अजून एक सांगू?"

"सांग की."

"तुमी क्लासात लय वरडता. मला न्हाई आवडत. प्रांजललाबी न्हाई आवडत."

जन्मात कुणी सुभेदारांना असं तोंडावर बोललं नव्हतं. आबा सरकले, मोरीवर तिच्यासाठी जागा केली. "बस हितं," ते म्हणाले. "आणिक काय काय आवडत न्हाई, सांग. सगळं सांग, मला घाई न्हाई."

पोरगी बसली, आणि तिनं पहिल्यापासून सुरुवात केली. यादी मोठी होती. पुढं गेलेली संयोगिता वाट बघून परत आली, तर हे दोघं अजून मोरीवर, आणि आबा मध्ये एक शब्द न बोलता ऐकत बसलेले.