घोडीचं खरं वय

जनावरांच्या दवाखान्याच्या अंगणात डॉक्टरीणबाईंनी घोडीचा ओठ वर केला. दात लांब, पुढे झुकलेले. तरी टोकांवर कोवळ्या वयाचे काळे खळगे. बोट फिरवलं तर काजळी बोटाला लागली. कालचंच काम.

म्हातारं घोडं तरुण करून देण्यात तिच्या बाबांचा हात धरणारं बाजारात कोणी नव्हतं. खळगा कोरायचा, तापल्या तारेनं डागायचा. लहानपणी घोड्याचा ओठ धरून ठेवायला तीच असायची. आणि आता घोडी तिच्याचपुढे आणली होती. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय!

"चौदा लिही," गाडीवान बाबा म्हणाले.

"नवा कायदा माहीत आहे ना? पंधराच्या वर जुंपायचं नाही."

"पूर्वी तपासनीस चाकं बघायचा, कंदील बघायचा. घोडीकडे ढुंकूनही बघायचा नाही."

"आणि गिऱ्हाईक?"

बाबा हसले. "ते म्हणायचे, जरा पळव की! आता चढायच्या आधी विचारतात, हिला पाणी पाजलंत का." मग त्यांनी आवाज खाली आणला. "दोनच वर्षं, पोरी. मग मीही घरी बसेन."

चौदा लिहिलं असतं तर कोणाला कळणार नव्हतं. तिनं पेन उचललं. घोडी अजून डोळे घट्ट मिटून थरथरत होती. आणखी तार लागायची आहे, असं तिला वाटत असावं.

"हिला दुखत असेल का हो, बाबा?"

"तेव्हा असं कोणी विचारत नसे."

"तुम्ही?"

बाबांनी घोडीच्या मानेवर हात ठेवला आणि थरथर थांबेपर्यंत काढला नाही.

"आणली तेव्हा चारची होती," ते शेवटी म्हणाले. "तू पहिलीत होतीस."

तिनं चोवीस लिहिलं. तिला रडू आलं, पण अक्षर नीट आलं.

"आजपासूनच लागू?"

"सही केली की."

बाबांनी सही केली, घोडी सोडली आणि गाडीच्या मागे बांधली. मग स्वतःच दोन दांड्यांच्या मध्ये उभे राहिले. फाटकातला दुसरा गाडीवान ओरडला, "काका, तुमचे दात तपासले का?"

बाबांनी उरलेले चार दात दाखवले आणि जोर लावला. चाक हललं नाही. पुन्हा लावला, तेव्हा गाडी अगदी सहज निघाली. त्यांनी मागे वळून पाहिलं. डॉक्टरीणबाई ढकलत होत्या.

"हळू, बाबा," ती म्हणाली. "घोडी मागून चालतेय."