घेऊ?

बाबांच्या स्टुडिओत एक शब्द फार चालायचा. घेऊ?

गिऱ्हाईक स्टुलावर बसलं, हनुवटी जरा वर झाली, मागच्या पडद्याची सुरकुती झटकून झाली, की बाबा कॅमेऱ्यामागून विचारायचे, "घेऊ?" समोरचा "घ्या" म्हणेपर्यंत त्यांचं बोट खाली जात नसे. तान्ह्या बाळालासुद्धा विचारायचे. बाळाची आई हसायची, "त्याला काय कळतंय?" बाबा म्हणायचे, "त्याला नसेल कळत. मला कळतंय ना." मग खटॅक. त्या आवाजासरशी माणसाचे खांदे उतरायचे. निघाला फोटो, आता खुशाल नाक खाजवा.

ताई आणि मी त्या खटॅकवर वाढलो. ताई माझी रंगपेटी उचलून दारापर्यंत जायची आणि तिथून ओरडायची, "घेऊ?" मी किंचाळायचे, "घेतलीस की!" ती म्हणायची, "विचारलं तर खरं."

पुढे बाबांची नजर अधू झाली आणि स्टुडिओ बंद झाला. फोटोंचं काम ताईने पुढे चालवलं. मला त्यांनी चेहऱ्यांचे फोटो काढायची त्यांची जुनी लेन्स दिली. पितळी अंगाची, जड. एकदा त्यांच्या हातून पडली होती, तेव्हा आत उजेड कमीजास्त करणाऱ्या सहा पात्यांतली एक वाकली. म्हणून या लेन्सच्या फोटोत मागचे उजेडाचे ठिपके षटकोनी येतात आणि त्यांचा एक कोपरा खाल्लेला असतो. उंदराने कुरतडलेलं बिस्कीट, असं आम्ही म्हणायचो.

ठमी चार महिन्यांची होती तेव्हा ताई तिचा नवा मिररलेस कॅमेरा गळ्यात घालून आली. ठमी म्हणजे माझी लेक. खरं नाव कागदावर आहे, घरात ठमाबाईच.

"नव्या लेन्सा फार चोख गं," ताई म्हणाली. "चेहऱ्यातला जीवच पुसून टाकतात. बाबांची लेन्स दे ना, लावून बघते."

दिली. मधे जोडायची कडी तिने आणलीच होती. लेन्स बसली, पण बटण दाबलं तरी कॅमेरा ढिम्म. पडद्यावर अक्षरं आली: लेन्स लावलेली नाही.

"अगं बाई! एवढा घास तोंडात कोंबलाय तरी म्हणतो उपाशी!"

जुन्या लेन्सला विजेची भाषा येत नाही, त्यामुळे नव्या कॅमेऱ्याच्या लेखी ती नसतेच. ठमीला खांद्यावर टाकून, एका हाताने मीच मेनू चाळला आणि ती सोय शोधून काढली. लेन्स नसली तरी फोटो काढू द्यावा, हो की नाही? हो.

"शाबास! आई झालीस तरी डोकं शिल्लक आहे म्हणायचं."

"तुझं होतं कधी?"

तिने बटण दाबलं. खटॅक. ठमी दचकली.

"ताई, आत्ता कुठे डोळा लागलाय तिचा. आवाज बंद कर ना."

"त्यात काय, इलेक्ट्रॉनिक शटर लावते. यात काही हलतच नाही बघ. सेन्सर वरून खाली एकेक ओळ वाचत जातो, आपण पेपर वाचतो तसा." तिने फिरत्या पंख्याचा फोटो काढून दाखवला. एक ओळ वाचून दुसरी वाचेपर्यंत पंखा पुढे गेलेला, म्हणून पाती विळ्यासारखी वाकडी आलेली. आम्ही दोघी तोंडावर हात दाबून हसलो. कितीतरी दिवसांनी हसले होते मी.

आणि मग दाराची बेल वाजली, ताई दार उघडायला गेली. ठमी उठली ती टाहो फोडतच. घेऊन फिरले, पाजून पाहिलं, पाठ थोपटली. थांबेना. स्वयंपाकघरात दुधाचं पातेलं उतू गेलं. नवरा कामावर, तीन रात्रींची झोप नाही. मी ठमीला सतरंजीवर ठेवलं, फ्रिजला खांदा टेकून खाली बसले आणि दोन्ही कान टॉवेलने गच्च दाबून घेतले. किती वेळ, ते मला ठाऊक नाही. ठमी हात वर करून रडत होती आणि मी तिच्याकडे बघतही नव्हते.

मग पाठीवर ताईचा हात आला. "असू दे गं. सगळ्यांचं होतं असं." तिने ठमीला उचललं, पातेलं धुतलं, मला चहा करून दिला.

तो हात मी जपून ठेवला होता. नंतर जेव्हा जेव्हा जीव मेटाकुटीला आला, तेव्हा पाठीवर तो आठवायचे आणि उठायचे.

प्रदर्शनाचं ताईने फोनवर सांगितलं. पाचजणांचं मिळून होतं, तिचं पहिलंच. तेव्हा ठमी बसायला लागली होती. मी, ठमी आणि बाबा दुपारीच गेलो, गर्दी व्हायच्या आत. दालनात पांढऱ्या भिंती आणि ओल्या रंगाचा वास. समोरच्याच भिंतीवर, माझ्याहून उंच, मी.

आधी ओळखलं नाही. फ्रिज ओळखला. त्याच्या दारावरचा लांब ओरखडा. मग टॉवेल. मग सतरंजीवरचे दोन इवलेसे हात.

दोन पाहुणे फोटोसमोर उभे होते. एकजण दुसऱ्याला समजावत होता, "त्या उभ्या काळ्या पट्ट्या बघा. तुरुंगाचे गज! आईपणाचा तुरुंग. काय विचार केलाय बाईंनी!"

विचार कसला? आमच्या स्वयंपाकघरातला स्वस्तातला एलईडी दिवा तो. डोळ्यांना दिसत नाही, पण सतत मिचमिचत असतो. ओळीओळीने वाचणाऱ्या शटरला तो कधी पेटलेला सापडतो, कधी विझलेला, आणि फोटोवर पट्टे उमटतात. कॅमेरा उभा धरला, तर पट्टेही उभे. खटॅक वाजणाऱ्या शटरने बहुधा आले नसते. म्हणजे आवाज बंद होता. म्हणजे ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, कॅमेरा उभा धरून, लेन्स फिरवत, हाताने फोकस जुळवत. जुन्या लेन्सचा फोकस आपोआप होत नाही. वेळ लागतो. तेवढा वेळ तिने घेतला होता.

आधी फोटो. मग हात.

ताई लगबगीने आली. गळ्यात तोच कॅमेरा, त्यावर तीच लेन्स. माझं तोंड पाहून तिचं हसू अर्ध्यावर थांबलं.

"सांगणारच होते तुला."

"कधी?"

"अगं, चेहरा कुठे दिसतोय? टॉवेलच आहे सगळा. कुणाला कळणार?"

"मला कळलं."

"हे बघ," तिने आवाज खाली आणला, "या एका फोटोवर मला इथे भिंत मिळाली. बाकीचे त्यांनी बघितलेसुद्धा नाहीत. आणि आवाज बंद करायला तूच सांगितलंस."

"ठमीसाठी सांगितलं, ताई."

ती कॅमेऱ्याचा पट्टा बोटाला गुंडाळत राहिली.

"मला विचारलं का नाहीस?"

"विचारलं असतं तर 'घे' म्हणाली असतीस?"

"नाही."

"मग!" ती म्हणाली. जणू हिशेब जुळला.

एवढ्यात बाबा आले. भिंतीच्या कडेकडेने, एकेक फोटो नाकाजवळून बघत ते या फोटोपाशी पोचले होते. फ्रिज, टॉवेल त्यांना दिसत नसावेत. पण मांडणीवरच्या स्टीलच्या भांड्यांवर चमकलेले ठिपके त्यांना दिसले. सहा कोनांचे, एक कोपरा खाल्लेला.

"माझी लेन्स!" ते एवढ्या मोठ्याने म्हणाले की ते दोन पाहुणे वळून बघायला लागले. "उंदराचं बिस्कीट! अजून चालते होय गं? नव्या कॅमेऱ्यावर?" मग फोटोवरून वरखाली नजर फिरवली. "बाई आहे ना ही? रडतेय की काय?"

"हो, बाबा," ताई म्हणाली.

"विचारलंस ना तिला? घेऊ म्हणून?"

"हो, बाबा."

तिने माझ्याकडे बघितलं नाही. लहानपणी काच फुटली की ती अशीच बाबांकडे सरळ बघायची, आणि मी तिच्यामागे उभी राहून मान डोलवायचे. आताही मान डोलवणं सोपं होतं. ताईची भिंत राहिली असती, बाबांचा आनंदही राहिला असता. माझ्या कडेवर ठमी फोटोतल्या त्या दोन हातांकडे टक लावून बघत होती.

"बाबा, ती बाई मी आहे," मी म्हणाले. "आणि मला कुणी विचारलं नाही."

बाबा हळूच माझ्याजवळ आले. माझा चेहरा, मग फोटो, मग पुन्हा माझा चेहरा. मग ताईकडे वळून फक्त हात पुढे केला. तिने कॅमेरा दिला. त्यांची बोटं डोळ्यांपेक्षा शहाणी. लेन्स चाचपून एका झटक्यात फिरवून काढली, रुमालात गुंडाळली आणि माझ्या पिशवीत ठेवली. जायला वळले, तेव्हा मीच त्यांचा हात धरला.

फोटो संध्याकाळी उतरवला, असा ताईचा मेसेज आला. त्यापुढे काही नव्हतं. 'चुकलं' हा शब्द मी शोधला, दोनदा.

त्यानंतर बरेच दिवसांनी, काल ती आली. बेल न वाजवता दारावर टकटक केली. कॅमेरा तिने गळ्यातून काढला आणि बाहेरच, चपलांशेजारी ठेवला. मी "आत घे, कुणी नेईल" म्हणाले नाही. तीही त्यासाठी थांबली नाही. आम्ही नळाच्या पाण्याबद्दल बोललो, बाबांच्या डोळ्यांबद्दल बोललो. ठमी माझ्या खांद्यावरून तिच्याकडे झेपावत होती. मावशीला ती विसरली नव्हती. ताईच्या दोन्ही हातांची बोटं उघडमीट होत होती.

मग तिने हात पुढे केले, पण मधेच थांबली.

"घेऊ?" तिने विचारलं.

मी ठमीला अजून घट्ट धरलं होतं. ती हात तसेच धरून उभी होती, माझ्याकडे बघत.