वरचं वायसर

म्हातारी काही सुरू होईना. म्हातारी म्हणजे जन्मभर गॅरेज चालवलेल्या उस्तादांची जुनी गाडी, त्यांच्या लेकीहून सात वर्षांनी मोठी आणि घरात तिच्याहून जास्त लाडाची. रविवारी सकाळी नातीला फिरवून आणायचं म्हणून उस्तादांनी किल्ली फिरवली, तर स्टार्टर नुसता कण्हत राहिला. नात रुसून घरात गेली. लेक मात्र गॅरेजच्या दारातच उभी राहिली, कारण गाडी का सुरू होत नाही हे जगात तिला एकटीला ठाऊक होतं.

आदल्या संध्याकाळी उस्तादांनी प्लगांना करंट वाटणाऱ्या डिस्ट्रिब्यूटरमध्ये नवे पॉइंट बसवले होते. ते आंघोळीला गेले तेवढ्यात तिने झाकण उघडलं, नट सैल केला आणि पॉइंटच्या स्प्रिंगला वर आणि खाली असतात त्या फायबरच्या दोन चकत्यांपैकी वरचं वायसर काढून घेतलं. शर्टाच्या बटणाएवढंही नसेल ते. पण ते नसलं की करंट गाडीच्या अंगातच जिरतो आणि प्लगला ठिणगी म्हणून मिळत नाही. ही विद्या तिला उस्तादांनीच दिलेली. दिली होती अर्थात गाड्या सुरू करायला.

दुसरं करणार तरी काय होती ती? डोळ्यांच्या डॉक्टरांनी गाडी चालवायची नाही म्हणून बजावलं, तर उस्तादांनी उलट डॉक्टरांनाच त्यांच्या चष्म्याचा नंबर विचारला. गेल्या महिन्यात शाळेसमोर एक बाई बाबागाडी ढकलत रस्ता ओलांडत होती, ती त्यांना दिसलीच नाही. शेजारी बसलेल्या लेकीने हँडब्रेक ओढला म्हणून निभावलं. तिने भांडून पाहिलं, रडून पाहिलं, चार दिवस अबोला धरून पाहिला. उस्ताद बधले नाहीत. वर नातीला कबूल करून बसले, की रविवारी आपण दोघंच जाऊ, तुझ्या आईची कटकट नको. तेव्हा तिने वायसर काढलं. थोडे दिवस खटपट करतील, कंटाळतील आणि गाडीवर कापड टाकतील, असं तिने धरलं होतं.

कंटाळतील तर ते उस्ताद कसले! रविवारचा दिवस त्यांनी पेट्रोलच्या मागे घालवला. टाकी, पाइप, पंप, कार्ब्युरेटर, सगळं उघडून पुसून परत लावलं. सोमवारी प्लग निघाले. प्लग इंजिनाला टेकवून ते किल्ली फिरवायचे आणि विचारायचे, “ठिणगी दिसते का गं?”

“नाही, बाबा.”

उत्तर शंभर टक्के खरं होतं, आणि खरं बोलताना एवढी लाज तिला जन्मात वाटली नव्हती. कॉइल बदलली, वायरी बदलल्या, कंडेन्सर बदलला. ती पाना हातात देत राहिली, वाकून वाकून त्यांची पाठ धरली तेव्हा मलम चोळत राहिली आणि मनातल्या मनात स्वतःला शिव्या घालत राहिली.

“पॉइंट बघायचे का?” सोमवारी न राहवून तिने विचारलं.

“पॉइंट काय बघायचे? ते मी बसवलेत,” उस्ताद म्हणाले. विषय संपला.

मंगळवारी दुपारी बघण्यासारखं दुसरं काही उरलं नाही, तेव्हा त्यांनी झाकण काढलं. डोळ्यांचा उपयोग नव्हताच. बोटांनी चाचपत गेले, आणि बोटं एका जागी थांबली.

“खालचं आहे. वरचं वायसर नाही.”

ते बाजूच्या स्टुलावर बसले. हात पुसायचंही त्यांना सुचलं नाही.

“मी विसरलो,” ते म्हणाले. “बसवल्यावर एकदा सुरू करून पाहिली होती, असं मला चक्क आठवतंय, आणि वायसराशिवाय ती सुरू होणं शक्यच नाही. म्हणजे डोळे गेले ते गेले, डोकंही गेलं. डावऱ्याला याच चुकीसाठी हाकलला होता मी.”

डावरा हा त्यांच्या हाताखालचा सगळ्यात जुना कारागीर, डाव्या हाताने काम करणारा. वीस वर्षांपूर्वी एका गाडीत हेच वायसर लावायचं तो विसरला आणि उस्तादांनी भर गिऱ्हाइकांत त्याची अब्रू काढून त्याला बाहेर काढलं. आता दोन गल्ल्या पलीकडे त्याचं स्वतःचं गॅरेज होतं. समोरून आले की दोघांतला एक जण रस्ता बदलायचा.

लेक उस्तादांच्या स्टुलाजवळ आली. त्यांनी गाडी सोडावी एवढंच तिला हवं होतं. त्यांचं डोकं त्यांच्यापासून काढून घ्यायचं नव्हतं.

“बाबा, ते वायसर मी काढलं,” ती म्हणाली. “तुम्ही बरोबर बसवलं होतंत. सुरूही केली होतीत, मी स्वयंपाकघरातून ऐकली.”

तिने पर्समधून वायसर काढून त्यांच्या तळहातावर ठेवलं. उस्तादांनी ते बोटांत फिरवलं आणि हसले.

“अशी फळीवरच्या डब्यात पन्नास आहेत.”

“बाबा, शपथेवर सांगते. तुम्ही गाडी चालवू नये म्हणून केलं मी.”

“तुला सांगायचं असेल ते तू तोंडावर सांगतेस. भांडतेस. माझ्या पाठीमागे माझं इंजिन उघडणारी तू नव्हेस.” त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. “म्हाताऱ्याची लाज झाकायला चोरी अंगावर घेतेस होय? पुरे आता. मला कळतंय सगळं.”

तिने आणखी दोनदा सांगितलं. जितकं कळवळून सांगावं, तितकी ती त्यांना जास्तच गुणाची वाटू लागली.

त्यांनी वायसर बसवलं. म्हातारी पहिल्याच फटक्यात सुरू झाली. उस्ताद दार उघडून खाली उतरले आणि शेजारच्या सीटवर जाऊन बसले.

“तू चालव. आता कायम तूच. आधी डावऱ्याकडे घे.”

डावरा एका गाडीखाली होता. उस्तादांना बघून उठला आणि काय करावं न सुचून हातातला पाना पुसत राहिला. उस्तादांनी त्याच्या दोन कामगारांदेखत सांगितलं, “वरचं वायसर मी विसरलो रे. तीन दिवस शोधत होतो. तुला तेव्हा बोललो ते माझं चुकलं.”

डावऱ्याचा चेहरा वेडावाकडा झाला. “होतं उस्ताद,” तो म्हणाला, “कुणाचंही होतं,” आणि डोळे पुसायला पाठमोरा झाला.

“आणि ही बघ,” उस्ताद लेकीकडे बोट दाखवून म्हणाले, “मला वाईट वाटू नये म्हणून चोरी आपणच केली म्हणत होती.”

डावऱ्याने तिच्याकडे कौतुकाने पाहिलं. तिने तोंड उघडलं. आत्ता जर तिने खरं पटवून दिलं असतं, तर वीस वर्षांनी उस्तादांनी त्याची मागितलेली माफीही तिने काढून घेतली असती. तिने तोंड मिटलं.

परतीच्या वाटेवर शाळेसमोर तिने गाडी थांबवली, मुलांना जाऊ दिलं आणि पुन्हा गियर टाकला.

“इंजिनाचा आवाज बरोबर आहे ना गं?” उस्तादांनी विचारलं.

तिने चमकून त्यांच्याकडे पाहिलं. आयुष्यात त्यांनी हे कुणाला विचारलं नव्हतं.

“मला बरोबर वाटतोय,” ते म्हणाले, “पण माझ्या वाटण्याचं आता काय? तू नीट ऐकून सांग.”