बुक्क्याच्या तोंडातला घास

केरूआप्पाचा माणसांवर भरवसा तसा कमीच. सटाण्याला कांद्याच्या लिलावात व्यापाऱ्यांचे डोळे वाचता वाचता म्हातारा झालेला गडी. समोरचा हसला की हा आधी त्याच्या हाताकडे बघणार. असा हा माणूस पोराच्या फ्लॅटवर इंदिरानगरला राहायला आला, आन् जॉगिंग ट्रॅकवर कुत्रं फिरवायला लागला.

कुत्र्याचं नाव बुक्का. नावासारखाच काळाकुट्ट, पांढरा केस औषधाला सापडायचा नाही. हर्षलनं, म्हणजे आप्पाच्या पोरानं, आरोहीच्या हट्टापायी आणला. पोरगी चार दिवस खेळली, मग तिची शाळा न् तिचा क्लास, आन् कुत्रं आलं आजोबाच्या गळ्यात. आप्पाला ते बरंच झालं. फ्लॅटात माणसानं करायचं काय, या भिंतीकडून त्या भिंतीकडे? बुक्क्यामुळं रोज सकाळी पायात चपला घालायला कारण होतं. हे तो कोणाला बोलला नव्हता, पण त्याच्या बायकोला, कुसाबाईला, न बोलता कळत होतं.

ट्रॅकवर चालायची रीत हर्षलनं शिकवली होती. डाव्या कडेनं चालायचं, पट्टा आखूड धरायचा, ऊन वाढलं की आधी फरशीला हात लावून बघायचा, नाहीतर कुत्र्याचे पाय भाजतात. आन् पट्टा मनगटाला गुंडाळायचा नाही.

"का नाय?" आप्पा म्हणाला.

"त्यानं हिसका दिला तर तुम्ही पडाल, आप्पा."

"जन्म गेला बैलाचा कासरा धरण्यात. ह्या मांजराएवढ्या जनावरानं पाडलं मला, तर मिशी उतरवीन."

आन् गुंडाळायचा. दोन वेढे, वर अंगठ्यानं दाबून. सवय ती सवय.

तर सगळं सुरळीत चाललं होतं, तेवढ्यात पलीकडच्या बिल्डिंगमधल्या आशाताईंचं पांढरं कुत्रं मेलं. ट्रॅकच्या कडेला काहीतरी खाल्लं, घरी जाऊन फेस आला, संध्याकाळपर्यंत खलास. डॉक्टर म्हणाला विषबाधा. कोणी टाकलं, मुद्दाम टाकलं का उंदरांसाठी टाकलेलं त्यानं खाल्लं, काही पत्ता नाही.

हर्षलनं त्याच रात्री जेवताना सांगून टाकलं, "आप्पा, बुक्क्याला काही जरी झालं ना, मी त्याला सटाण्याला सहादूकाकाच्या मळ्यात सोडून येणार. तिकडं जगेल तरी."

 आप्पाचा घास तोंडातच फिरत राहिला.

आन् त्याच आठवड्यात, रविवारी पहाटे, बुक्का ओकला.

आप्पानं कोणी उठायच्या आत फरशी पुसली, फडकं बाल्कनीत धुऊन टाकलं. पुढच्या रविवारी तेच. बुक्का दिवसभर मलूल, पोट ढिलं. आप्पाच्या डोक्यात कांद्याचा लिलाव सुरू झाला. रविवारीच का? म्हणजे शनिवारी काहीतरी होतंय. शनिवारी तो बाकावर दम खायला टेकतो, तेव्हा बुक्का मागच्या मेंदीच्या कुंपणात तोंड घालतो. आपल्याला वाटतं वास घेतोय. एका शनिवारी आप्पानं त्याच्या मिशा चिमटीत धरून बघितल्या. चिकट, तेलकट. कोणीतरी खायला टाकतंय.

संशय घ्यायला माणूस लांब शोधावा लागला नाही. समोरच्या विंगेत यज्ञेश्वर म्हणून एक रिटायर इंजिनियर राहायचे. मूळचे पंचवटीतले, भिक्षुकी घराणं. सोसायटीच्या ग्रुपवर ह्यांनीच लिहिलेलं, ट्रॅकवर कुत्री बंद करा म्हणून. समोरून कुत्रं आलं की हा माणूस फरशी सोडून मातीत उतरायचा. आन् हल्ली शनिवारी तोच माणूस हातात पिशवी घेऊन बाकामागं घोटाळताना आप्पानं बघितलेला.

"तोच हाय," आप्पा कुसाबाईला म्हणाला.

"तुम्हाला तर दूधवाला पण चोर वाटत व्हता."

"व्हताच तो. पाणी घालायचा."

"सगळेच घालत्यात. ह्या माणसाची बायको बघा, उत्तराताई. गुडघ्याचं आपरेशन झालं तरी मला खिडकीतून हात करती. अशा घरात विष कालवतील व्हय?"

"विष काय तोंड बघून कालवत्यात?"

शनिवारी आप्पा नेहमीपेक्षा लवकर निघाला. वाटेत मारुतीला तेल घातलं, ते त्याचं वर्षानुवर्षांचं. मग बाकाच्या अलीकडं एका जाडजूड कडुनिंबामागं बुक्क्याला दाबून उभा राहिला. पट्टा मनगटाला तीन वेढे. आज कुत्र्याला एक पाऊल पुढं जाऊ द्यायचं नव्हतं.

यज्ञेश्वर आले. मागं बघितलं, पुढं बघितलं, पिशवीतून चांदीच्या कागदात गुंडाळलेलं काहीतरी काढलं आन् लांबूनच, साप हाणल्यासारखं, कुंपणात फेकलं. आप्पा आता पुढं होऊन बोलणार, एवढ्यात बुक्क्याला वास लागला.

मांजराएवढं म्हणत होता, त्या जनावरानं असा हिसका दिला की आप्पा फरशीवर पालथा. हात पट्ट्यात अडकलेला, सोडायला जातो तर वेढे घट्ट होतात. चार हात फरफटला. पट्टा ट्रॅकवर आडवा ताणला, आन् समोरून सायकलवर येणाऱ्या पोरीनं कचकन ब्रेक मारला म्हणून बरं, नाहीतर ती पण त्याच्यावर आली असती. "काका, पट्टा आखूड धरा ना," म्हणत ती वळसा घालून गेली.

आप्पाला कोपराची पर्वा नव्हती. बुक्क्याच्या तोंडात घास होता. तो गुडघ्यावर सरपटत गेला आन् कुत्र्याच्या जबड्यात सरळ बोटं घातली.

"टाक. टाक भाड्या, टाक म्हणतो ना."

अर्धं बाहेर आलं, अर्धं गिळलं गेलं. हातात तेलानं निथळणारा चपातीचा तुकडा. यज्ञेश्वर जागच्या जागी थिजलेले, पिशवी छातीशी धरून.

"साहेब, काय कालवलंय ह्यात?"

"तेल आहे. तिळाचं."

"आन् तेलात?"

"काही नाही हो. साधी पोळी आहे."

"पिशवीत अजून हाय का?"

यज्ञेश्वरांनी मान हलवली. अजून एक होती.

"खाऊन दाखवा."

"मी?"

"मग काय मी?"

यज्ञेश्वरांनी एकदा कुत्र्याकडं बघितलं, एकदा आप्पाच्या रक्ताळलेल्या कोपराकडं. मग चांदीचा कागद सोडला आन् त्या तेलकट पोळीचा हा मोठा घास घेतला. हनुवटीवरून तेल ओघळलं. चावत चावतच म्हणाले, "गौरांगला साडेसाती चालू आहे. मुलगा माझा. नोकरी गेलीये त्याची. गुरुजींनी सांगितलं, शनिवारी काळ्या कुत्र्याला तेलाची पोळी घाला, पण एकही पांढरा केस नको. असा कुत्रा सगळ्या इंदिरानगरात हा एकच. आधी उत्तरा हातानं भरवणार होती. आता तिचा गुडघा हा असा, आणि मला कुत्र्याची भीती. लहानपणी चावलंय. आणि ग्रुपवर लिहून बसलोय ते वेगळंच. कोणत्या तोंडानं तुमच्याकडे येऊ?"

आप्पानं हातातला तुकडा हुंगला. स्वतः मारुतीला तेल घालून आलेला माणूस. शनिवार, काळं कुत्रं, तेल. बांधावरच्या पोरानं ओळखलं असतं. पण आपण विष शोधत होतो, विषच दिसणार.

"पुरे साहेब," तो म्हणाला. "सगळी नका खाऊ. गौरांगचा शनी तुमच्या पोटात बसायचा."

यज्ञेश्वरांनी त्याला उठवायला हात पुढं केला, तेवढ्यात बुक्का त्यांचा तेलकट हात चाटायला धावला. माणूस डोळे मिटून उभा राहिला, पण हात मागं घेतला नाही. आप्पानं ते बघून ठेवलं.

घरी आल्यावर हर्षलनं कोपर बघितलं आन् गाडीची किल्लीच उचलली. "झालं? पाडलं ना त्यानं? आजच सटाण्याला नेतो."

आप्पा पाय घसरला म्हणणार होता. पण दारात मागं यज्ञेश्वर उभे होते, आन् त्यांनी पोळीपासून सगळं सांगितलं, ओकाऱ्यांची गोष्ट आप्पानंच पुरी केली. हर्षल ऐकत राहिला. मग म्हणाला, "पट्टा मनगटाला गुंडाळला होता का, आप्पा?"

"व्हता," आप्पा म्हणाला. "कुत्र्याची चूक नाय. माझी हाय."

कुसाबाई हळद चेपत म्हणाली, "मनगटावर वळ दिसतोय की. मिशी आज उतरवायची का उद्या?"

हर्षलला हसू आवरलं नाही. किल्ली परत खिळ्याला गेली. "मुठीत धरणार असाल तर राहू दे. एकदा जरी गुंडाळलेला दिसला, तर बघा."

आता शनिवारी यज्ञेश्वर बाकाजवळ थांबतात, पोळीचे तुकडे करून, तेल बोटभर लावून. हात लांब, मान दुसरीकडं. बुक्का रविवारी ओकत नाही. गौरांगचं अजून काही जमलेलं नाही, पण शनी कुठं घाई करतो.

आप्पा मात्र त्या मेंदीच्या कुंपणाशी आला की अजून पट्टा आखूड करतो, वाकून पाचोळा काठीनं उलटापालटा करतो. आशाताईंच्या कुत्र्याला कोणी मारलं, ते काही कळलेलं नाही. समोरून कोणी हसत "काय आप्पा, बरं आहे ना" म्हणालं, तर आप्पा "बरं हाय" म्हणतो, आन् आधी त्याच्या हाताकडं बघतो.