कानकड्यावरची माय

हानोईहून आलेलं सपाट खोकं ख्येमने चुलीजवळच उघडलं. आत काचेच्या चौकटीत बसवलेला फोटो होता. फांदीवर बसलेली का-दाक माकडीण, निळसर तोंड, जाड गुलाबी ओठ, वर वळलेलं नकटं नाक आणि छातीला बिलगलेलं पोर. ना लुंग गावामागच्या डोंगरात हे माकड अजून तग धरून होतं, बाकी जवळजवळ सगळीकडून संपलं होतं. ख्येम त्याच डोंगरावर गस्त घालायचा, आणि फोटोवाल्याला अकरा दिवस त्यानेच रानातून फिरवलं होतं.

"गडी शब्दाला जागला," ख्येम म्हणाला. "जागेचं नाव कुठेही छापलं नाही."

त्याने चौकट चुलीसमोरच्या भिंतीवर लावली. त्याचा मेहुणा तुक भात खाता खाता हसला. "दाजी, भिंतीवर मेलेल्यांचे फोटो लावतात. ही बया कधी वारली?"

"गप जेव," लिऊने भावाला दटावलं. तुक तिच्याहून नऊ वर्षांनी लहान होता. पाठीवर बांधून तिनेच त्याला वाढवला होता.

मसाला वेलदोडा वाळवायचे दिवस आले, तसे व्यापारी वर येऊ लागले. त्यातला एक नवीनच होता. तो घरी आला तेव्हा ख्येम गस्तीवर होता. तुक खांबांवरच्या घराखाली म्हशीला चारा टाकत होता, तो पाहुण्याबरोबर शिडी चढून वर आला. लिऊने चहा दिला, वेलदोड्याचं पोतं उघडून पुढे ठेवलं. पाहुण्याने त्यात हातसुद्धा घातला नाही. तो भिंतीकडे बघत राहिला.

"पोर आईला सोडत नाही म्हणतात," तो म्हणाला.

"नाहीच सोडत."

"आई मेली तरी?"

लिऊने पोतं त्याच्याकडे आणखी सरकवलं. पाहुण्याने मोबाईल काढला आणि चौकटीच्या अगदी जवळ जाऊन दोन फोटो घेतले. मोबाईल माकडिणीच्या तोंडासमोर नव्हता. तो वरच्या कोपऱ्यावर धरला होता, जिथे पानांमागे पांढऱ्या कड्याचा तुकडा दिसत होता आणि त्यात म्हशीच्या कानासारखं भोक. कड्याचा फोटो कशाला, असं लिऊच्या ओठांवर आलं. पण घरी आलेल्या माणसाला काय विचारणार?

तिला खटकलं ते दुसरंच. एरवी ज्याचं तोंड मिटत नाही, तो तुक एक शब्द बोलला नव्हता. पाहुण्याला मोटरसायकलवरून रस्त्यापर्यंत सोडायला मात्र तोच गेला.

चार दिवसांनी सकाळी तुक परत आला. "ताई, दाजी कुठल्या अंगाला आहेत? छपराला नवा पाला घालायचाय, एक माणूस कमी पडतोय."

"पलीकडच्या ओढ्याच्या चौकीवर. परवा येतील."

"म्हणजे आज-उद्या इकडे कोणी नाही?"

"नाही. का रे?"

"काही नाही. बघतो दुसरं कोणी." तो शिडी उतरला, जेवणासाठी थांबला नाही.

लिऊ बांबूच्या पन्हळीखाली तांदूळ धुवायला बसली. पाणी पांढरं होऊन वाहत होतं आणि तिचे हात थांबले. तुकच्या घराचा पाला गेल्याच वर्षी बदलला होता. तिनेच भारे वाहिले होते.

तांदूळ तसाच टाकून ती वर पळत आली आणि फोटोसमोर उभी राहिली. जागेचं नाव छापलं नव्हतं हे खरं. पण लहानपणी बापामागे शिकारीला गेलेल्या कुणालाही तो कडा ओळखू आला असता. कानकडा. बाप तुकलाही न्यायचा तिथे.

ख्येमचा फोन लागेना. तिने कोयता कमरेला अडकवला आणि चौकीची वाट धरली. तीन तासांची चढण होती. वाटेत कानकड्याचा फाटा फुटतो तिथल्या चिखलात नव्या बुटांचे ठसे दिसले. त्यांच्या बाजूला फाटक्या रबरी चपलेचे होते. ते ओळखायला तिला वाकावं लागलं नाही.

चौकीवर ख्येम आणि त्याचे दोन जोडीदार होते. तिला बघताच तो उठला.

"कानकड्याकडे माणसं गेलीत," ती धापा टाकत म्हणाली. "बंदूकवाली असतील."

"कोण?"

"तो वेलदोड्याचा व्यापारी."

"त्याला वाट कोण दाखवणार? कोण आहे बरोबर, लिऊ?"

तिने एकदा खाली दरीकडे पाहिलं. "तुक."

सगळे कानकड्याकडे निघाले. ते निम्म्या वाटेवर होते तेव्हा पहिला बार झाला. मग दुसरा. त्यानंतर रानात पाखरूही बोलेना.

व्यापारी निसटला होता. तुक कड्याखाली उकिडवा बसला होता. शेजारी पोत्यावर माकडीण पडलेली, आणि तिच्या छातीला पोर घट्ट धरून बसलेलं. तुक त्याची बोटं एकेक करून सोडवायचा प्रयत्न करत होता, पोर पुन्हा धरत होतं.

"ताई," तो म्हणाला, "तो म्हणाला होता, नुसती बघायची आहेत. बंदूक मी नाही चालवली."

"पोतं कशाला आणलं होतंस मग?" लिऊने विचारलं.

तुक पुन्हा पोराची बोटं सोडवू लागला. ख्येमने त्याचे हात बांधले, मग थोडे सैल केले.

पोराला लिऊने कापडात गुंडाळून खाली आणलं. शेळीचं दूध बोटाने चाटवलं, उबेसाठी पोटाशी धरलं. तिसऱ्या दिवशी दुपारी त्याने तिच्या सदऱ्यावरची पकड सोडली; अंग गार पडलं होतं.

तुकला शिक्षा झाली. व्यापाऱ्याचं नाव जे सांगितलं होतं ते खोटं निघालं. त्याच्या मोबाईलमधला कडा आणखी कुणाकुणाकडे गेला, कुणालाच कळलं नाही. ख्येमचं पथक आता रोज कानकड्याकडे जातं. कळप तिथे नाही. पलीकडच्या खिंडीत एकदा आवाज ऐकल्यासारखा वाटला, एवढंच.

लिऊची आई गावातच राहते. निकालानंतर पन्हळीवर दोघींची गाठ पडली. आईने घडा भरला, डोक्यावर घेतला, आणि लेकीकडे न बघता म्हणाली, "चौकीवर जायला तीन तास चाललीस. माझं घर वाटेत होतं. मला सांगितलं असतंस, तर मी त्याला कानाला धरून परत आणला असता."

लिऊने आपला घडा पन्हळीखाली धरला. ती चौकीवर निघाली तेव्हा आईच्या घरातून धूर निघत होता. तो तिने पाहिला होता, आणि ती न थांबता पुढे गेली होती.