हाती घेतलेल्या खुर्च्या

मित्रांनो, चाकाच्या खुर्च्या दुरुस्त करणाऱ्या एका कारखान्याच्या दाराशी मी टांगलेली आहे. मी पितळी घंटा, वयाने जुनी, कडेला हिरवट झालेली, पण आवाजाने अजून खणखणीत. माझा जन्म एका ओतशाळेत झाला. तापलेलं पितळ साच्यात ओतलं, साचा फोडला, आणि...

टण्.

माफ करा. कुणीतरी नवीन काम हाती घेतलं. पुन्हा सुरुवात करते.

ओतशाळेतून मला थोरल्या मालकांनी आणलं. त्यांचा दंडक एकच होता. खुर्ची दुरुस्त झाली, तिच्यावर तिचा माणूस बसला, आपल्या हातांनी चाकं फिरवत दारातल्या उतारावरून खाली गेला, की मगच घंटा वाजवायची. एरवी मला कुणी बोट लावायचं नाही. कधी कधी मी सबंध दिवस मुकी असे. पण वाजले की समोरच्या दुकानातला शिंपी मान वर करून म्हणे, "गेली वाटतं एक घरी." त्या एका वाक्यावर मी पुढचे कित्येक...

टण्.

हे असंच चाललं आहे, मित्रांनो, आणि माझा राग याच गोष्टीवर आहे. आज मात्र गोष्ट पुरी केल्याशिवाय मी सोडणार नाही.

थोरले मालक थकले आणि कारभार मुलाकडे आला. धाकटे मालक आळशी नाहीत. आळशी असते तर बरं झालं असतं. ते सगळ्यांच्या आधी येतात, जेवताना फोनवर बोलतात आणि बोलता बोलता जिना चढतात-उतरतात. कामगार पाठीमागे त्यांना भिंगरी म्हणतात. त्यांची खोली माडीवर. तिथून खालचं दिसत काही नाही, फक्त ऐकू येतं. खाली शांत असलं की त्यांना वाटे, माणसं बसून आहेत. म्हणून त्यांनी नियम बदलला. काम हाती घेतलं की घंटा वाजवा. आणि काम संपल्यावर? त्याबद्दल ते काही बोललेच नाहीत.

मग काय विचारता. गिऱ्हाइकाचा फोन आला की भिंगरी जिन्यावरून ओरडत, "अहो काका, त्यांचंही हाती घ्या जरा." चाकं बसवणारे काका हातातलं चाक खाली ठेवत आणि दुसऱ्या खुर्चीचे स्क्रू काढायला लागत. टण्. तेवढ्यात आणखी फोन. टण्. गिऱ्हाइकाला उत्तर तयार असे, "तुमचं काम हाती घेतलंय." ते खोटं नव्हतं, हाच तर संताप आहे. कारखान्यातली एकूण एक खुर्ची हाती घेतलेली होती. बसण्याजोगी एकही नव्हती. सुटे भाग टोपल्यांत पडलेले, एकीचा ब्रेक दुसरीच्या टोपलीत.

वेल्डिंग करणाऱ्या ताईने एकदा विचारलं, "काका, सकाळपासून काय केलंत?"

"शोधलं."

"काय ते?"

"सकाळी जे खाली ठेवलं होतं ते."

आणि कुणी पाहुणा आला की भिंगरी छाती पुढे काढून म्हणत, "ऐकताय ना, आमच्या घंटेला उसंत नाही." मित्रांनो, मला काम संपल्याची वर्दी द्यायला ओतलं होतं. मला सुरुवातींची आरडाओरड करायला लावली, आणि वर त्याचं कौतुक.

गणिताच्या बाईंची खुर्ची त्याच टोपल्यांत होती. तिचं पुढचं लहान चाक अडकत होतं. एका बैठकीचं काम. ते चार वेळा सुरू झालं. खुर्ची नाही म्हणून बाईंचा थोरला भाऊ रोज त्यांना पाठीवर घेऊन शाळेत नेई. शेवटी मुख्याध्यापिकांनी सांगितलं, "सोमवारी तुम्ही स्वतः वर्गात येऊ शकला नाहीत, तर वर्ग दुसऱ्यांकडे द्यावा लागेल."

शनिवारी दुपारी बाई भावाच्या पाठीवरून आमच्याकडे आल्या.

भिंगरी जिन्यावरूनच म्हणाले, "काळजीच नको बाई. तुमचं केव्हाच हाती घेतलंय."

"दिसतंय ना," बाई म्हणाल्या. "तीन टोपल्यांत दिसतंय."

"आज जरा गडबड आहे हो."

"ती मी रोज फोनवर ऐकते. काका, माझ्या चाकाला किती वेळ लागेल?"

काकांनी जिन्याकडे पाहिलं. "मला मधून उठवलं नाही, तर आज होईल."

"दादा, मला त्या घंटेखाली बसव."

दादाने स्टूल ओढलं. बाईंनी हात वर केला आणि माझ्या पोटातली लोळी, जी आपटून मी वाजते ती, मुठीत घट्ट धरली.

"माझं झाल्याशिवाय दुसरं काही हाती घ्यायचं नाही. ज्याला घ्यायचंय त्याने आधी ही मूठ उघडावी."

ताई मुद्दाम जवळ आली. तिने मूठ नीट न्याहाळली आणि म्हणाली, "नको गं बाई. गणिताच्या बाईंची पट्टी खाल्लीय मी लहानपणी." आणि ती टोपल्यांतले भाग निवडायला बसली.

भिंगरी माडीवर गेले. खाली शांतता पसरली. थोड्याच वेळात ते धडाधड जिना उतरत आले.

"काय झालं? काम का थांबलं?"

"थांबलं कुठे?" ताई म्हणाली. "चाललंय. चालतं तेव्हा ते असंच ऐकू येतं."

काकांनी मानसुद्धा वर केली नव्हती.

"मालक, रिकामे आहात तर हे चाक धरा," बाई म्हणाल्या. "सरळ. हलवू नका."

आता बाईंना नाही कोण म्हणणार? भिंगरींनी चाक धरलं. दोन्ही हात ग्रीसने माखलेले, त्यामुळे खिशातला फोन बराच वेळ गुरगुरला आणि दमून गप्प झाला.

ऊन कललं तेव्हा खुर्ची उभी राहिली. बाई तिच्यात बसल्या, टेबलाला एक वळसा घातला आणि उताराकडे निघाल्या. दादाने सवयीने मागून हात लावला.

"हात काढ," बाई म्हणाल्या.

त्याने काढला. मग त्या हातांचं काय करावं हे त्याला कळेना, म्हणून त्याने ते खिशात घातले.

सोमवारी दुपारी तो सांगायला आला. वर्ग बाईंकडेच राहिला होता. गेल्या गेल्या त्यांनी मुलांना उदाहरणं घातली होती.

"बिचारी मुलं," ताई म्हणाली.

गोष्ट इथे संपायला हवी होती. पण दादा बोलत होता तेवढ्यात...

टण्.

"शनिवारचं ठीक होतं," भिंगरी जिन्यावरून सांगत होते. "रोज एकाच खुर्चीला धरून बसलं तर बाकीची कामं कोण हाती घेणार?"

मित्रांनो, मला घासूनपुसून लख्ख करा असं मी म्हणत नाही. एकच मागते. उद्या तुम्ही कामाला लागाल. तेव्हा "श्वास घ्यायला फुरसत नाही" असं कुणाला मिरवत सांगू नका. तुम्ही धावत असता तेव्हा तुमच्या टोपलीत कुणाचं तरी चाक पडलेलं असतं. ते आधी बसवा. मगच दुसऱ्याला हात लावा.

सोमवारी त्या टण् बरोबर उघडलेली खुर्ची एका आजोबांची आहे. ते घरी खिडकीशी बसून आहेत. त्यांच्या नातीचा मघाशी फोन आला होता, तिलाही "हाती घेतलंय" हेच उत्तर मिळालं. काका आत्ता आजोबांच्याच खुर्चीच्या चाकापाशी बसले आहेत आणि जिन्यावर पावलं वाजताहेत.

काका, मान वर करू नका.